कापूस पाणी पीत नाही

दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्या ओट्यावर आजी वाती वळत बसायची. समोर पितळी ताट, ताटात घरच्याच कपाशीची, हातानं सरकी काढलेली रुई, शेजारी वाटीत बोट बुडवण्यापुरतं दूध. आमचा मळा चाळीसगावापासून कोसभर. पहिल्या वेचणीचा कापूस मागच्या खोलीत छतापर्यंत भरलेला असायचा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका दुपारी मी ताटातला रुईचा पुंजका उचलून पाण्याच्या बादलीत टाकला. तो बुडला नाही. बोटानं दाबून तळाशी नेला आणि सोडला, तर अंगावर चांदीसारखा चकाकणारा हवेचा थर घेऊन पुन्हा वर आला. काढून उकलला, तर आत कोरडा ठणठणीत. दिवेलागणीला पाहिलं तेव्हाही तो तिथंच तरंगत होता. त्याच रुईची वात निरांजनात ठेवली की तेल मात्र बघता बघता शेंड्यापर्यंत चढायचं. मी आजीला कारण विचारलं. हातातली वात न थांबवता ती म्हणाली, "कापूस पानी पेस नही बेटा, तेल पेस."

आजीचं निरीक्षण अचूक होतं. पण त्यामागचं कारण मला कळलं ते पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात, आणि तेही फळ्यावरच्या समीकरणातून. तिथं कापसाचं नाव नव्हतं, तेलाचं नव्हतं, वातीचंही नव्हतं. पुढं मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा समोरची अर्धी मुलं कपाशी, केळी आणि कांदा पिकवणाऱ्या घरांतली असायची. पृष्ठताणाची व्याख्या त्यांना पाठ असायची, पण रविवारी शेतावर पंप पाठीला लावून फवारा मारताना पानावरून औषध का ओघळतं, हे सांगता यायचं नाही. हे पुस्तक त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहिलं आहे. विषय पृष्ठताणाचा, आणि तो ताण सैल करणाऱ्या साबणासारख्या द्रव्यांचा. शास्त्रात त्यांना सर्फेक्टंट म्हणतात. पुस्तकातही मी तोच शब्द ठेवला आहे, कारण आता तो औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीवरही दिसतो.

मुळातली गोष्ट एवढीच, की पाणी स्वतःला धरून असतं. पाण्याचा एकेक रेणू शेजारच्या रेणूंना ओढत असतो. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असल्यामुळे ही ओढ सगळीकडून सारखी पडते. पृष्ठभागावरच्या रेणूच्या वर मात्र हवाच असते. त्याची पकड अर्धवट राहते आणि त्याला आतली ओढ जास्त. एखादा रेणू आतून वर आणून बसवायचा तर त्याच्या शेजाऱ्यांशी असलेल्या काही गाठी सोडवाव्या लागतात, त्याला ऊर्जा लागते. म्हणून पाणी आपला पृष्ठभाग होईल तितका कमी ठेवतं. ठरावीक पाण्याला सगळ्यात कमी पृष्ठभाग गोळ्याच्या आकारात मिळतो, आणि पावसात पन्हाळीवरून पडणारी पागोळी सुटताच गोल होते.

ही ओढ मोजता येते. पाण्याच्या पृष्ठभागावर एक मीटर लांबीची रेघ आहे असं धरा. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांना ओढतं, आणि 20 अंश सेल्सिअसला त्या ओढीचं माप 72.8 मिलिन्यूटन भरतं. तराजूच्या भाषेत जवळपास साडेसात ग्रॅम. गोड्या तेलाची हीच ओढ निम्म्याहून कमी, सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. स्पिरिटची त्याहून कमी. पाऱ्याची मात्र पन्नास ग्रॅमच्या घरात. मीटरभर रेघेला साडेसात ग्रॅम म्हणजे फारच थोडं वाटतं. विहिरीच्या, हौदाच्या मापानं ते थोडं आहेच. पण वस्तू लहान होत गेली की हिशेब फिरतो. वस्तूची लांबी दहापट कमी केली तर वजन हजारपट घटतं, पृष्ठताणाची ओढ मात्र दहापटच घटते. मुंगीला थेंबातून पाय सोडवता येत नाही, ते यामुळे. कापसाचा तंतू केसाहून बारीक, आणि दोन तंतूंमधली फट त्याहून बारीक. त्या फटीच्या तोंडाशी पाण्याची ही ओढ फार मोठी असते.

इथं एक गोष्ट आधीच सांगते. शाळेच्या पुस्तकांत पृष्ठभागाला ताणलेल्या पातळ पडद्याची उपमा देतात. घरात समजावताना आपण साय म्हणतो. सुरुवातीला उपमा कामाची आहे, पण ती डोक्यात घट्ट बसली की घोटाळा होतो. दुधावरची साय दुधापेक्षा वेगळी वस्तू असते. ती चमच्यानं उचलून बाजूला ठेवता येते. पाण्याच्या वर असं वेगळं काहीच नसतं. वर तेच पाणी आहे, फक्त त्याला एका बाजूनं शेजार नाही. साय ताणली की पातळ होते आणि तिची ओढ वाढते. पाण्याचा पृष्ठभाग वाढवला तर आतले रेणू वर येऊन बसतात आणि ओढ होती तेवढीच राहते. हा फरक लक्षात राहिला तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता अळवाचं पान घ्या. अळवावरचं पाणी हा शब्द आपण न टिकणाऱ्या गोष्टीसाठी वापरतो, पण तो थेंब निरखून पाहणारे थोडे. पान वाकवलं की थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो आणि मागं ओलही ठेवत नाही. पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि थेंब त्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा कोंडलेली. मेणाला पाण्याची ओढ नाही, पाण्याला स्वतःची आहे, म्हणून पाणी पानाला न बिलगता स्वतःला बिलगतं. थेंबाची कड पृष्ठभागाला ज्या कोनात टेकते, त्या कोनावरून हे ओळखता येतं. काचेवर थेंब पसरट, कोन लहान. केळीच्या पानावर थेंब फुगीर, कोन मोठा. अळवावर तर जवळजवळ पूर्ण गोळा. हा कोन बघायचा तर डोळा थेंबाच्या पातळीला आणावा लागतो, वरून दिसत नाही. थेंबाशी छायाचित्रकारांचीही गाठ पडते. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून चित्रं उभी करणारे छायाचित्रकार केकी मूस आमच्या चाळीसगावातच, स्टेशनजवळच्या घरात राहिले. काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या दिवसांत डार्करूममधल्या शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सर्फेक्टंटचे एक-दोन थेंब टाकायची पद्धत होती. नाहीतर निगेटिव्ह वाळताना पाणी थेंबाथेंबानं गोळा होऊन डाग पडत.

कापसाचं रहस्यही मेणातच आहे. कापसाचा तंतू बहुतांशी सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजला पाणी अतिशय प्रिय. पण बोंडात वाढताना तंतूच्या अंगावर मेणाचा एक झिरझिरीत थर बसतो. वजनानं शंभरात एक भागही नाही, अर्ध्या भागाच्या आसपास. तेवढा थर पाण्याला दाराबाहेर ठेवायला पुरतो. तेलाची स्वतःवरची पकडच कमी, म्हणून ते मेणावर सहज पसरतं, फटीत शिरतं आणि वातीतून वर चढतं. दवाखान्यातला कापूस हाच असतो. त्याला आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दाबाखाली उकळून मेण काढतात, मग विरंजन करून पांढरा करतात. औषधांच्या मानक ग्रंथांत त्याची कसोटी ठरलेली आहे. कापूस पाण्यावर टाकला की 10 सेकंदांच्या आत बुडला पाहिजे. ज्या शेतातला पुंजका दिवेलागणीपर्यंत तरंगला, त्याच शेतातला कापूस नीट शिजवला तर दहा आकडे मोजायच्या आत तळाशी जातो. वर्गात हा प्रयोग दाखवला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढं येतात.

कॉस्टिकचा विषय निघाला की खानदेशातला माणूस अमळनेरला जातोच. 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. पुढं जिचं नाव विप्रो झालं ती हीच. तिथं सनफ्लॉवर छापाचं वनस्पती तूप तयार व्हायचं, आणि त्याच धंद्याचं जोडउत्पादन म्हणून 787 हा कपडे धुण्याचा साबण. कोणत्याही तेलशुद्धीच्या कारखान्यात हे का घडतं, ते समजलं की साबणच समजतो. घाण्यातून आलेल्या तेलात थोडी सुटी मेदाम्लं असतात. त्यांनी तेल खवट होतं, म्हणून शुद्ध करताना तेलात कॉस्टिक घालतात. मेदाम्ल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण होतो आणि तेलापासून वेगळा पडतो. तेलातून काढून टाकलेली ही वस्तूच तेलाचे डाग काढायला कामाला येते. मला ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगूनही कंटाळा आलेला नाही.

साबणाचा रेणू लांबोडका असतो. मिलिमीटरचे चार लाख भाग केले तर त्यातला एक, एवढा लांब. त्याचं डोकं पाण्यात विरघळू पाहतं. शेपूट म्हणजे बारा ते अठरा कार्बन अणूंची तेलासारखी साखळी, तिला पाण्यात करमत नाही. असा रेणू पाण्यात टाकला की तो पृष्ठभागाकडे धावतो, कारण डोकं पाण्यात आणि शेपूट हवेत ठेवायची सोय फक्त तिथंच आहे. पृष्ठभागावर अशा शेपट्यांची दाटी झाली की पाण्याचा वरचा थर पाण्याचा राहतच नाही. तो तेलकट शेपट्यांचा होतो आणि पृष्ठताण 72 वरून तिशीच्या आसपास उतरतो. जागा भरल्यावरही साबण घालत गेलं तर उरलेले रेणू आत पन्नास-शंभरांचे गट करतात, शेपट्या मध्यभागी, डोकी बाहेर. या पुंजांना मायसेल म्हणतात, आणि साबणाच्या पाण्यात असे पुंज असावेत हे रसायनशास्त्रज्ञ मॅकबेन यांनी 1913 मध्ये मांडलं.

साबण मळ कापतो असं आपण म्हणतो. कापत नाही. तो आधी पाण्याला कापडात शिरू देतो. मग धाग्यावर चिकटलेल्या तेलाच्या थराखाली पाणी कडेनं सरकत जातं, थर आकसत गोळा होतो, आणि चोळल्यावर किंवा धोपटल्यावर सुटतो. सुटलेल्या गोळ्याभोवती साबणाच्या शेपट्या आत खुपसलेल्या आणि डोकी बाहेर. डोक्यांवर सारखाच विद्युतभार असल्यामुळे गोळा पुन्हा कापडावर बसत नाही, धुवणाच्या पाण्याबरोबर निघून जातो. फेसाचा यात फारसा वाटा नाही. फेस आला म्हणजे सर्फेक्टंट शिल्लक आहे एवढंच कळतं. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड, त्यात कॅल्शियम भरपूर. कॅल्शियमचा एक अणू साबणाच्या दोन रेणूंना बांधून टाकतो, दह्याच्या चोथ्यासारखा साका तयार होतो आणि बादलीच्या कडेला राखी रेघ उमटते. फेस येत नाही, साबण मात्र संपत जातो. बायका पाण्यात आधी धुण्याचा सोडा घालत, कारण सोडा कॅल्शियमला आधीच तळाशी बसवतो आणि साबण मोकळा राहतो. रिठ्यातलं द्रव्य साबणाच्या जातीचं नाही, म्हणून ते जड पाण्यातही फेस धरतं. पैठणी आणि सोनं रिठ्यानंच धुवावं हा आग्रह उगाच नव्हता. आताच्या डिटर्जंट पावडरीतली द्रव्यंही जड पाण्यात साबणासारखी फुटत नाहीत.

या विषयाचा इतिहास प्रयोगशाळांपेक्षा घरांत जास्त घडला, म्हणून पुस्तकातलं एक मोठं प्रकरण त्याला दिलं आहे. देवघरातला कापूर घ्या. स्वच्छ पाण्यावर कापराचा बारीक कण टाकला की तो गरगर फिरतो, धावतो, दिशा बदलतो. कापूर विरघळतो त्या बाजूचा पृष्ठताण उतरतो आणि समोरचं पाणी कणाला ओढून घेतं. तेलाचं बोट पाण्याला लावलं की कण जागच्या जागी थबकतो. 1890 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हा कापूर थांबवायला किती तेल पुरतं ते मोजलं. तेलाच्या थराची जाडी निघाली मिलिमीटरचा दहा लाखावा भाग घेतला तर त्याच्या साधारण दीडपट. रेणूच्या आकाराचा अंदाज त्यांना कापराच्या नाचातून मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून आग्नेस पॉकेल्स या अनोळखी बाईचं पत्र आलं. मुलींना तेव्हा तिथं विद्यापीठाची दारं बंद होती. आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळत तिनं स्वयंपाकघरात पत्र्याचं आयताकृती पात्र केलं होतं. पाण्यावर आडवी पट्टी सरकवून मळलेला पृष्ठभाग आवळायचा आणि ताण कसा बदलतो ते मोजायचं, अशी तिची पद्धत. रॅले यांनी ते पत्र 12 मार्च 1891 च्या 'नेचर'मध्ये छापायला लावलं. आजही पृष्ठभागावरचे एका रेणूच्या जाडीचे थर मोजायचं साधन याच कल्पनेवर चालतं. आपल्याकडच्या सी. व्ही. रामन यांनीही 1907 मध्ये, विशीच्या आत असताना, द्रवाच्या थेंबाच्या वक्रतेवरून पृष्ठताण मोजण्याची रीत 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये मांडली होती. माझ्या विद्यार्थिनींना मी पॉकेल्सची गोष्ट आधी सांगते आणि सूत्र नंतर.

आणखी एक जागा अशी, की जिथं सर्फेक्टंट नसेल तर माणूस जगत नाही. फुप्फुसातल्या कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या आतून ओल्या असतात. पिशवी जितकी लहान तितका आतल्या पाण्याच्या ताणाचा दाब जास्त, आणि निव्वळ पाणी असतं तर श्वास सोडल्यावर त्या मिटून चिकटल्या असत्या. शरीर तिथं स्वतःचं सर्फेक्टंट तयार करतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळात ते पुरेसं झालेलं नसतं. प्रत्येक श्वास त्याला पहिल्या श्वासाइतका जड जातो, छातीचा पिंजरा आत ओढला जातो. हे कारण मेरी एलन ॲव्हरी आणि जेरी मीड यांनी 1959 मध्ये दाखवलं. 1963 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचं, केनेडींचं, नवजात बाळ याच आजारानं दोन दिवसांत गेलं. 1972 मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळाचं फुप्फुस लवकर तयार करता येतं हे सिद्ध केलं, आणि 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाहेरून सर्फेक्टंट थेट फुप्फुसात सोडून बाळं वाचवली. वेळेआधी कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात पोचायला उशीर करू नये, आणि या इंजेक्शनबद्दल विचारावं. हे वाक्य मी पुस्तकात तीन ठिकाणी लिहिलं आहे.

आता पुन्हा शेतात. पुस्तकाचा शेवटचा आणि सगळ्यात लांब भाग फवारणीचा आहे, आणि तो लिहायचं कारण घरचं आहे. आमच्या अण्णांनी एका वर्षी कांद्यावर फुलकिड्यांसाठी औषध मारलं. कांद्याची पात उभी, नळीसारखी आणि मेणचट. थेंब पातीला टेकून सरळ मातीत जात होते. तीन दिवसांनी किडे होते तसेच. दुकानदारानं स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरवून धरणारं सर्फेक्टंट, घ्यायला सांगितलं, माप सांगितलं नाही. अण्णांनी जास्त लागू पडेल म्हणून पंपात झाकणं भरभरून ओतलं. या वेळी पात चांगली ओली झाली, इतकी की पाणी अखंड पापुद्र्यासारखं पातीवरून वाहत बुडख्याशी गेलं, आणि आठवड्यानं पातीचे शेंडे करपले. त्यांनी औषधाला दोष दिला. औषधाचा दोष नव्हता.

पृष्ठभागावरची जागा भरली की त्यापुढं घातलेलं सर्फेक्टंट मायसेल बांधण्यात जातं, हे वर सांगितलं. म्हणजे एका मापानंतर ताण आणखी उतरत नाही. डिटर्जंटमधल्या सोडियम लॉरिल सल्फेटसाठी ते माप लिटरला सव्वादोन ते अडीच ग्रॅम. सिलिकॉनच्या स्टिकरला त्याहून कितीतरी कमी लागतं आणि ते पाण्याचा ताण विशी-बाविशीपर्यंत खाली आणतं. म्हणून त्याची मात्रा पंपामागे काही मिलिलिटरची असते. जास्त घातलं तर थेंब पानावर थांबायच्या ऐवजी एकमेकांत मिसळून ओघळतात, आणि पानावरचं मेणही दुखावतं. घरच्या निंबोळी अर्कातही हेच शास्त्र आहे. पाच टक्क्यांच्या अर्कासाठी 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. साबण त्यातल्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतो आणि अर्क पानावर पसरवतो. पण पाणी जड बोअरचं असेल तर साबण फुटतो, साका होतो आणि नोझल तुंबतं. अशा वेळी साठवलेलं पावसाचं किंवा गोडं पाणी वापरावं.

आणि एक गोष्ट जिवाची. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा विषबाधेला कारणं अनेक असतात. पण द्रावण ज्या गुणानं पानावर पसरतं, त्याच गुणानं ते हातावर, मानेवर, पाठीवरही पसरतं आणि कातडीला धरून राहतं. स्टिकर घातलं की हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांची गरज वाढते. गळका पंप पाठीला लावूच नये.

पुस्तकातले सगळे प्रयोग घरात होणारे आहेत, आणि त्यातला एक इथंच देते. पाच पेले घ्या. औषध अजिबात घालू नका. पाचही पेल्यांत तुम्ही फवारणीला वापरता तेच विहिरीचं पाणी, सारख्या मापानं. पहिल्यात दुसरं काही नाही. दुसऱ्यात स्टिकरचा एक थेंब, तिसऱ्यात दोन, चौथ्यात चार, पाचव्यात आठ. ज्या पिकावर फवारायचं त्याचं ताजं पान आडवं ठेवा, बोटांनी न चोळता, कारण चोळलं की मेण जातं. प्रत्येक पेल्यातला एकेक थेंब ड्रॉपरनं पानावर सोडा आणि डोळा पानाच्या पातळीला आणून कडेनं बघा. पहिला थेंब फुगीर दिसेल, पुढचे बसत जातील. ज्या पेल्यापासून पुढचे थेंब सारखेच पसरलेले दिसतात, त्या पेल्याचं माप वहीत लिहून ठेवा आणि पंपाचा हिशेब त्यावरून करा. तो आकडा बाटलीवर छापलेल्या मात्रेपेक्षा जास्त आला, तर बाटलीवरचाच पाळा. पीक बदललं, विहीर बदलली की पेले पुन्हा मांडा.